कोंडलेला उंट आणि डंक्यावरच्या आक्का

लालबागच्या एका मसाल्याच्या डंक्यावर मी बुद्धिबळ शिकलो, असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. लोखंडी मुसळं एका रांगेत उखळांत धाडधाड आपटतायत, हवेत मिरची इतकी की भिंतीवरची पालसुद्धा खोकतेय, दारात पिशव्या घेतलेल्या पन्नास बायका नंबरावरून एकमेकींची कुळं उद्धारतायत, आणि ह्या सगळ्याच्या मधोमध, उलट्या घातलेल्या तेलाच्या डब्यावर पट मांडून साठीची एक बाई म्हणतेय, "घाई कसली रे? तुझा राजा काय पळून चाललाय?"

ह्या आमच्या आक्का. डंका त्यांचा. साडीवर नवऱ्याचा जुना खाकी शर्ट, केस मुळात पांढरे पण हळदीने केशरी झालेले, आणि मागच्या भिंतीवर बुद्धाची एक तसबीर, जिची काच त्या दर तासाला पदराने पुसायच्या. "त्याला तरी स्वच्छ दिसू दे," म्हणायच्या. आक्कांना शिंक आलेली गल्लीत कुणी पाहिलेली नव्हती. मी पहिल्या दिवशी एकतीस शिंका दिल्या. एकतिसाव्या शिंकेला माझंच कोपर लागून माझा राजा पटावर आडवा झाला. आक्का म्हणाल्या, "राजा आडवा केलास म्हणजे हार मानलीस. नियम म्हणजे नियम." आणि खरंच सोंगट्या आवरल्या.

सोंगट्यांचंही सांगायला हवं. डंका चालू झाला की जमीन हादरायची आणि साध्या सोंगट्या पटावरून चालत निघायच्या. एकदा म्हणे एका गिऱ्हाइकाचा घोडा धक्क्याधक्क्याने आपोआप बरोबर घरात गेला आणि तो माणूस जिंकला. तेव्हापासून आक्कांनी प्रत्येक सोंगटीच्या पोकळ बुडात चिंचोके भरून वर मेण ओतलं. त्यांचा वजीर उचलायला मला दोन्ही हात लागायचे. बरं, दीड.

मी तिथे गेलो होतो मसाला कुटून आणायला. म्हणजे कुटायचं काम यंत्राचं, आपण समोर बसून नजर ठेवायची. गिरणगावात वर्षाचा मसाला एप्रिल-मेमध्ये होतो, आणि तो कुटला जाताना घरचं माणूस उखळासमोर लागतंच. आमच्याकडे बायका नवऱ्याला शेजारणीच्या भरवशावर आठ दिवस सोडून गावी जातील, पण बेडगी मिरची डंक्यावर सोडून चहाला जाणार नाहीत. त्या वर्षी आईचे गुडघे धरले होते म्हणून मला पाठवलं. निघताना बजावलं, "डोळ्यांत तेल घालून बस. मोबाइल काढलास तर घरी येऊ नकोस."

मोबाइल मी काढला नाही, आईशपथ. पण पट दिसला. मी तेव्हा मोबाइलवर तीन-तीन मिनिटांचे डाव खेळणारा वाघ. पाचव्या खेळीला वजीर बाहेर, आठव्याला कशाचा तरी बळी, आणि बाराव्याला एक तर समोरचा मेलेला नाही तर मी. आक्कांना म्हटलं, "आजी, होऊन जाऊ दे एक." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "आजी कोणाला म्हणतोस? आक्का म्हण आणि बस."

दुसऱ्या डावात मी असा काही रंगलो की आजूबाजूला मुसळं आहेत हेच विसरलो. मध्येच उखळावरचा गडी ओरडला, "शेठ, पुढचं टाकू का?" मी पटावरून डोळे न काढता म्हणालो, "टाक!"

त्याने टाकलं. आमच्या उखळात. ती चार किलो मिरची कफ परेडच्या मच्छीमार नगरातून आलेल्या एका कोळीण मावशींची होती, आणि आमच्यापेक्षा चौपट तिखट. मावशी चहाला नाही, पण पानाला नाक्यावर गेल्या होत्या, त्या परत आल्या आणि त्यांनी उखळात बघितलं.

"मेल्या, डोले फुटले काय तुजे? माजी मिरची तुज्या बापाची हाय?"

त्यानंतर जे काही झालं त्यात मला फक्त आक्कांचा आवाज आठवतो. त्यांनी सगळं एकत्र कुटायला लावलं, चाळायला लावलं आणि दोन्ही घरांत निम्मं-निम्मं केलं. मावशींना आमचे धणे मिळाले, आम्हाला मावशींची आग. पुढच्या रविवारी त्या मसाल्यातली कोंबडी खाऊन आमच्या मजल्यावरची पाच बिऱ्हाडं तोंडाने वारा घेत गॅलरीत उभी होती. आई माझ्याशी तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी बोलली, ते न बोलली असती तर बरं झालं असतं.

आक्का मात्र त्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "पटावर पण तू हेच केलंस. समोरच्याने विचारलं टाकू का, की तू न बघता, टाक! आता पुढचे रविवार येऊन चाळण धर. झालेलं नुकसान फिटलं पाहिजे."

अशी माझी शाळा सुरू झाली.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मी शक्यतो सांगत नाही. माझं तोंड माझ्या आधी चालतं. रे रोडला लाकडाच्या वखारींच्या मागे माझं ऑफिस होतं आणि तिथे मी हंगामी होतो. दिवाळीत शेजारच्या बिऱ्हाडातल्या मुलाला कायम नोकरी लागली. आई त्यांचं अभिनंदन करून घरी आली आणि त्याच त्याच पणत्या पुन्हा पुन्हा पुसत बसली. मला ते बघवेना. मी म्हणालो, "आई, मी पण झालो कायम. उद्याच सांगणार होतो." एवढंच. दुसऱ्या दिवशी अख्ख्या चाळीला पेढे. गावी फोन. मामाने नारळ फोडला.

प्रत्यक्षात माझी मुदत जूनच्या अखेरीला संपत होती. एकच वाट होती. ऑफिसच्या बुद्धिबळ संघात चौथ्या पटावरची जागा रिकामी होती आणि संघातल्या खेळाडूला कायम करत. निवड मे महिन्याच्या शेवटी, दादरच्या एका हॉलमध्ये. तिथे जमलं नाही तर जुलैत मला आईसमोर उभं राहून सांगावं लागणार होतं की ते पेढे कशाचे होते.

हे मी आक्कांना दुसऱ्याच रविवारी चाळण हलवता हलवता सांगून टाकलं, पेढ्यांचा भाग वगळून. नेमकी पुढच्या रविवारी आई, गुडघे धरत, तक्रार करायला स्वतः डंक्यावर आली. आणि सगळं बोलून झाल्यावर म्हणते कशी, "जाऊ दे आक्का, मसाला घालवला, पण पोरगा गुणाचा आहे हो. दिवाळीतच कायम झाला."

आक्कांनी माझ्याकडे बघितलं. किती वेळ? एक किलो मिरची कुटून झाली असेल. मग आईला म्हणाल्या, "असं? बरं झालं."

आई गेल्यावर त्या म्हणाल्या, "मी तुला शिकवते. पण फी लागेल."

"काय फी?"

"ज्या दिवशी तुझं काम होईल त्या दिवशी आईला खरं सांगायचं."

"आणि नाही झालं तर?"

"मग ती कसली फी? फसल्यावर खरं कुणीही बोलतं."

आक्कांना बुद्धिबळातली एकच सुरुवात यायची, वजिराच्या प्याद्याची. एकच का, ह्यावर गल्लीत तीन मतं होती. कुणी म्हणे गोदीत उतरलेल्या रशियन खलाशाने एका पिशवी गरम मसाल्याच्या बदल्यात शिकवली. कुणी म्हणे त्यांचे वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते, ते मागापाशी उभ्याउभ्या मनात डाव खेळायचे. तिसरं मत मी स्वतः पसरवलं होतं, ते सोडा. खरं काय ते आक्कांनीच दाखवलं. मसाल्याच्या पुड्या बांधायला रद्दी यायची. तिच्यात एकदा बुद्धिबळाचं एक इंग्रजी पुस्तक आलं. त्यांच्या लक्षात येईपर्यंत बाकीचं पुस्तक हळद, धणे, तिरफळ बांधून गिऱ्हाइकांच्या घरी गेलं होतं. उरली चाळीसेक पानं. सगळी ह्या एकाच सुरुवातीवर.

आक्कांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी नुसत्या आकृत्या बघितल्या. ही सोंगटी इथून तिथे का गेली असेल, ह्याचा विचार करायचा, पटला तर पान उलटायचं. एकेका पानाला महिना लागायचा म्हणे. मला अडीच हजार डाव पाठ होते (बरं, अडीचशे), पण एकाही खेळीचं 'का' मला माहीत नव्हतं. आक्कांना फक्त 'का' माहीत होतं.

आणि ती चाळीस पानं एका आकृतीवर संपत होती, जिथे काळ्याचा एक उंट स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडून पडला होता. पुढचं पान कुठल्या तरी घरी गेलेलं. आक्का कित्येक महिने गिऱ्हाइकांना विचारायच्या, "धण्याचा कागद फेकला नाही ना हो?" लोकांना वाटायचं, धण्यात काही पडलं होतं की काय. चार घरांनी धणे परत आणून दिले.

मी म्हणालो, "आक्का, मोबाइलवर दोन मिनिटांत दाखवतो पुढे काय आहे ते."

त्यांनी माझा मोबाइल घेतला आणि मिरच्यांच्या पोत्यात खुपसला. "तीस वर्षं मी त्या उंटाबरोबर राहतेय. तू मध्ये पडू नकोस."

त्या उंटाला बाहेर काढायची वाट त्यांनी स्वतः शोधली होती. मी घरी जाऊन चोरून बघितलं. शंभर वर्षांपूर्वी जगातले मोठे मोठे खेळाडू ज्या वाटेने गेले, तीच वाट, तीच खेळी, तोच क्रम. मी पलंगावर उठून बसलो. इथे मी काहीही फुगवलेलं नाही. इतर ठिकाणी थोडं असेल, इथे नाही.

शिकवणं असं चालायचं.

"पांढऱ्याने वजिरापुढचं प्यादं दोन घरं टाकलं. आपण पण टाकलं. दोघं समोरासमोर. आता तो शेजारचं प्यादं आणून आपल्या प्याद्याच्या तोंडाशी ठेवतो आणि म्हणतो, खा. काय करशील?"

"खातो."

"का?"

"फुकट आहे."

"जन्मात तुला कुणी काय फुकट दिलंय? पंगतीत पहिल्या आग्रहाला जिलेबी घेतोस का?"

"घेतो."

"घेतच असशील. इथे घ्यायची नाही. राजापुढचं प्यादं एक घर पुढे कर आणि आपल्या प्याद्याला टेकू दे."

मी टेकू दिला. मग म्हणालो, "पण आक्का, ह्या टेकूने आपला उंट कोंडला."

आक्कांनी चक्क गड्याला चहा सांगितला. "दिसलं तुला? मग तू अगदीच वाया गेलेला नाहीस. ह्या डावाचं सगळं दुखणं तेच आहे. बाकीचे सगळे बाहेर येतात, हा एकटा घरात. त्याला कधी आणि कुठून काढायचा, एवढंच शिकायचंय."

"मग आधी बाहेर काढू आणि नंतर टेकू देऊ."

"आणि पाठीमागचं घर उघडं टाकू? चोराला चहा पण ठेवू?"

जिलेबी कधी घ्यायची तेही त्यांनी सांगितलं. "त्याचा राजाकडचा उंट बाहेर येऊन बसू दे. बसला, पाय पसरले, की मग खायचं ते प्यादं. आता ते परत घ्यायला त्याला पुन्हा उठावं लागतं. त्याची एक खेळी फुकट गेली. बघ, तेच प्यादं, पण आधी खाल्लं तर आपण हावरट आणि आता खाल्लं तर शहाणे."

"पण तोवर किती अडचण होते आक्का. हलायला जागा नाही."

"तू राहतोस कुठे? दहा बाय बाराच्या खोलीतच ना? अडचण झाली की तुझी आई काय करते? भिंती पाडते? सामान कमी करते. घोडा दे, घोडा घे. उंट दे, उंट घे. गर्दी हटली की तेच टेकूचं प्यादं एक घर पुढे सरकव. खिडकी उघडली. आता तुझ्या उंटाला वारा लागेल."

मी आयुष्यात प्रथमच एक प्यादं कुठे आहे आणि का आहे ते बघत बसलो. मुसळं आपटत होती, बायका भांडत होत्या, नाकातून पाणी वाहत होतं, आणि मला कधी नव्हे ते शांत वाटत होतं.

आता ती चाळ पाडली, डंकाही गेला. आक्का शीवला लेकीकडे असतात आणि तिथल्या हवेत मसाला नाही म्हणून त्यांना सर्दी होते, असं त्यांचं म्हणणं. पण तेव्हाचं सांगतो.

निवडीला आम्ही नऊ जण होतो. शेवटच्या डावाला मला अर्धा गुण लागत होता. बरोबरी झाली तरी जागा माझी, हरलो तर नाही. समोर हिशेब खात्यातले एक गृहस्थ, पांढऱ्या सोंगट्या घेऊन, तोंडात लवंग. त्यांनी वजिरापुढचं प्यादं दोन घरं टाकलं. मग शेजारचं प्यादं आणून ठेवलं. खा.

मी खाल्लं नाही. टेकू दिला. भोवती उभ्या असलेल्या ऑफिसवाल्यांत कुजबूज झाली, कारण ह्याआधी मी पुढ्यात आलेलं काहीही सोडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. एकजण म्हणालाही, "बरं नाही वाटत का रे?" गृहस्थांचा उंट येऊन बसला, पाय पसरले, तेव्हा खाल्लं. घोडा दिला, घोडा घेतला. उंट दिला, उंट घेतला. मग तो टेकू एक घर पुढे. दोन प्यादी मारामारीत गेली आणि माझा कोंडलेला उंट मोकळ्या तिरप्या वाटेवर उभा राहिला.

आणि तिथेच सैतान बसला होता. गृहस्थांनी त्यांच्या राजाच्या कडेचं प्यादं एक घर पुढे टाकलेलं. माझ्या उंटाची वाट थेट त्या प्याद्यावर. उंट फेकायचा, तो मारला की मागून वजीर घुसवायचा, हॉलमध्ये नुसता हलकल्लोळ. माझा हात उठला. उंटाला हात लागला असता तर तोच खेळावा लागला असता, असा नियम. मी तो हात मांडीखाली घेतला आणि त्यावर बसलो. खरंच बसलो, मुंग्या येईपर्यंत. आणि मोजलं. पहिली, दुसरी, तिसरी खेळी थाटाची. पाचव्या खेळीला त्यांचा हत्ती आडवा येत होता आणि माझ्याकडे नुसता आवाज उरत होता.

मी उंट एक घर हलवला आणि पुढे वजिरावजिरी केली. आणखी थोडं इकडे तिकडे झाल्यावर गृहस्थांनी लवंग गालात सरकवली. "बरोबरी?"

माझ्या जिभेवर "घाबरलात?" आलं होतं. मी म्हणालो, "हो."

त्या आठवड्यात पत्र आलं, चक्क मराठीत. साहेबांनी हातात दिलं, ते घेऊन मी रे रोडहून सरळ डंक्यावर. मसाल्याचे शेवटचे दिवस, गर्दी दारातून रस्त्यावर सांडलेली. मी बायकांमधून घुसून आक्कांसमोर पत्र नाचवलं. त्यांनी हात शर्टाला पुसले, पत्र घेतलं, वाचलं, घडी करून परत दिलं. डोळ्यांत पाणी होतं. मिरचीचं असेल, पण त्यांना मिरची लागत नसे.

"आईला दाखवलंस?"

"तिला काय दाखवू आक्का? तिच्या लेखी मी दिवाळीपासून कायम आहे. आता कशाला तिला उगाच..."

आक्का उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी मोटरचं बटण बंद केलं.

मुसळं वरच्या वर थांबली. लालबागमध्ये अशी शांतता मी परत ऐकली नाही. रस्त्यावरच्या बायका आत वाकून बघायला लागल्या.

"वीज गेली का?"

"आक्का, माझी अर्धी मिरची उखळात आहे!"

"ह्याला विचारा," आक्का म्हणाल्या. "हा घरी जाऊन परत येईपर्यंत बंद."

पन्नास बायकांनी माझ्याकडे बघितलं. "काय केलंस रे मुडद्या?" एकीने विचारलं. मी उत्तर द्यायला थांबलो नाही. दोन गल्ल्या आणि तीन मजले मी कसा गेलो ते मला माहीत नाही.

आई मोरीत बांगडे साफ करत होती. मी दारातच सांगून टाकलं. दिवाळीपासूनचं सगळं, एका दमात. हातातलं पत्र तिच्यासमोर धरलं तर तिने ओल्या हाताने ते घेतलं नाही, नुसतं लांबून वाचलं. तारखेपाशी थांबली. मी वाट बघत होतो की आता हातातला बांगडा येईल. आला नाही. तिने मोरीतच हात धुतले.

"आक्कांना माहीत होतं?"

"हो."

"मी तिथे बढाया मारल्या तेव्हा पण?"

"हो."

तिने पदराला हात पुसले, चपला घातल्या आणि गुडघ्यांना न विचारता जिना उतरायला लागली. मी मागे. डंक्यावर बायकांनी वाट दिली. आई आक्कांसमोर उभी राहिली आणि मी भिंतीला लागलो, कारण आता काय कुटलं जाणार ह्याबद्दल मला शंका नव्हती.

आई म्हणाली, "आक्का, ह्याला अजून ठेवून घ्या. अर्धाच शिकलाय."

"अर्धा कुठला?" आक्का म्हणाल्या. "चार आणे पण नाही."

आणि त्यांनी बटण दाबलं. पुढे त्या दोघी काय बोलल्या ते मुसळांच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. पण बोलत होत्या बराच वेळ, मान माझ्याकडे करून, आणि मध्येच आईने आक्कांचा हळदीने माखलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला.